उएनोतली हिवाळी झाडं

मित्रहो,

घरच्यांनी एखाद्याची वाढ दाबून ठेवली, की आपण सहज म्हणून जातो, 'त्याचा पार बोन्साय करून टाकला.' मीही हे पुष्कळदा म्हटलं आहे. आता माझ्या तोंडून ते निघत नाही. का निघत नाही, तेच आज सांगायचं आहे, आणि त्यासाठी तुम्हाला तोक्योला, उएनोच्या बागेतल्या कलासंग्रहालयात न्यावं लागेल. तिथे दर फेब्रुवारीत 'कोकुफू-तेन' भरतं. जपानमधलं हे बोन्सायचं सर्वांत मानाचं प्रदर्शन.

सुरुवात झाली 1934 च्या मार्चमध्ये. त्यामागे होते कोबायाशी नोरिओ. 1921 पासून ते बोन्सायला वाहिलेलं मासिक चालवत होते. चित्रं आणि शिल्पं जिथे मांडतात त्याच दालनात बोन्सायलाही जागा मिळावी, हा त्यांचा ध्यास. माती लागलेल्या कुंड्या कलासंग्रहालयात न्यायच्या, हे त्या काळी सोपं नव्हतं. मात्सुदायरा योरिनागा या सरदार घराण्यातल्या गृहस्थांचं वजन तिथे कामी आलं. ते स्वतः अगदी लहान बोन्सायचे शौकीन होते. पहिली काही वर्षं प्रदर्शन वर्षातून दोनदा भरायचं. मग युद्धात खंड पडला आणि 1947 मध्ये ते पुन्हा सुरू झालं. त्यामुळे 1934 पासून मोजलं तर वर्षं ब्याण्णव होतात, पण 2026 च्या फेब्रुवारीत भरलं ते शंभरावं.

युद्धाच्या त्या खंडावर थोडं थांबतो. माणसं सैन्यात गेलेली, अन्नाची टंचाई, वरून बॉम्ब. अशा वेळी कुंडीतल्या झाडाला रोज पाणी कोण घालणार? मोठं झाड महिनाभर दुर्लक्ष झालं तरी तगतं, मुळं खोलवर ओल शोधतात. उथळ कुंडीतल्या पाइनला वाळून जायला उन्हाळ्यातले दोन दिवससुद्धा पुरतात. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कितीतरी झाडं त्या वर्षांत गेली. आज जी जुनी झाडं दिसतात, त्यांच्यासाठी तेव्हा कुणीतरी पाणी वाहिलेलं आहे.

आता प्रदर्शन फेब्रुवारीतच का, ते पाहा. कडाक्याची थंडी असते, मेपल आणि झेलकोवा पूर्ण निष्पर्ण झालेले असतात. आपल्याला वाटेल, बहर नाही तर बघायचं काय? पण पानं असताना माळ्याच्या चुका झाकल्या जातात. पानं गळली की खोडापासून शेंड्यापर्यंतची प्रत्येक फांदी उघडी पडते. जाडीचं प्रमाण कुठे बिघडलं, जुना काप नीट भरून आला की नाही, सगळं दिसतं. शेंड्याला केसांसारख्या बारीक काड्यांची जाळी असते. ती एका वर्षात होत नाही. वसंतात कोवळा शेंडा खुडायचा, निरोगी झाडाची पानं उन्हाळ्याच्या तोंडाला काढायची, मग एका काडीच्या दोन होतात, पुढे दोनाच्या चार. हे वीस-तीस वर्षं केलं की ती जाळी तयार होते. काळ्या पाइनची तऱ्हा वेगळी. त्याचे नवे कोंब उन्हाळ्यात कापतात, मग दुसऱ्या खेपेला आखूड सुया फुटतात. जुनिपर या सूचिपर्णी झाडाच्या खोडावर वाळलेल्या लाकडाचा पांढराशुभ्र पट्टा असतो, त्याला ते 'शारी' म्हणतात. कुजू नये म्हणून त्यावर चुना-गंधकाचं द्रावण लावतात, आणि त्याच्या कडेने जिवंत सालीची एक चिंचोळी धार सगळ्या झाडाला पोसत असते.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, छळच की हा. मला मात्र आपल्या किल्ल्यांच्या तटातले पिंपळ आठवतात. दगडाच्या फटीत मूठभर माती, तेवढ्यावर वर्षानुवर्षं उभी असलेली हातभर झाडं. जपानमधले नावाजलेले कित्येक जुनिपर असेच इतोइगावाच्या कड्यांवरून दोराला लटकून उतरवलेले. वारा आणि बर्फ यांनी घडवलेलं झाड कुंडीत आलं, आणि कुंडीत त्याला वेळेवर पाणी मिळू लागलं. बोन्साय करणारे म्हणतात, नुसतं पाणी घालायला शिकायचं तर तीन वर्षं लागतात. खुंटवायला एवढं शिकावं लागत नाही.

प्रदर्शनात झाड निवडलं जाणं हाच मोठा मान. कोकुफू पुरस्कार तर दरवर्षी मोजक्याच झाडांना. झाड, कुंडी, खालचा चौरंग, शेजारची छोटी सोबतीची वनस्पती, सगळं एकत्र पारखलं जातं. नामपट्टीवर मालकाचं नाव असतं. इथे मला खटकतं ते सांगतो. बऱ्याच वेळा झाड रोज सांभाळणारा, त्याला प्रदर्शनासाठी तयार करणारा कारागीर वेगळाच असतो. तो कोण हे त्या वर्तुळातल्या लोकांना ठाऊक असतं, माझ्यासारख्या पाहुण्याला पट्टीवरून कळत नाही. ते नाव तिथे असायला हवं.

माझं मत खऱ्या अर्थाने बदललं ते मात्र दालनात नाही, छायाचित्रसंग्रह चाळताना. प्रत्येक प्रदर्शनाचा जाडजूड संग्रह निघतो. जुने आणि नवे शेजारी ठेवून पानं उलटत गेलं, की एकच झाड दशकांच्या अंतराने पुन्हा भेटतं. कुंडी बदललेली असते, कधी दर्शनी बाजूच फिरवलेली, कधी एक अख्खी फांदी नाहीशी झालेली. मालकाचं नाव तर हमखास दुसरं. खोडाचं वळण तेवढं ओळखू येतं, जसं लहानपणीच्या फोटोत आजोबांचं नाक ओळखू येतं. मी दोन संग्रहांमध्ये बोट ठेवून बराच वेळ तसाच बसून होतो. पहिल्या फोटोतलं झाड ज्याने घडवलं, त्याने दुसरा फोटो पाहिलेला नसणार.

प्रदर्शन मोजके दिवस चालतं. मग झाडं चौरंगावरून उतरतात, फांद्यांना धक्का लागू नये अशी बेतानं बांधली जातात आणि गाडीतून आपापल्या बागेत परततात. तिथे बाकावर ठेवल्यावर आधी माती चाचपून बघतात, ओली आहे की कोरडी.