रूसियों: गेरूच्या टेकडीवरचं गाव

हे घर केशरी. शेजारचं गुलाबी. त्यापुढचं थेट हळदीसारखं. खिडक्यांची लाकडी दारं निळी-हिरवी, दुपारचं ऊन आत येऊ नये म्हणून अर्धवट लोटलेली.

फ्रान्सच्या दक्षिणेला, प्रोव्हान्समधलं हे रूसियों. इथल्या भिंतींचा रंग बाहेरून आणलेला नाही, तो पायाखालच्या टेकडीतूनच निघाला. आपल्याकडे अंगणातल्या तुळशीवृंदावनाला लावतात तो गेरू, त्याच्याच कड्यावर हे गाव वसलंय.

गावाबाहेर पडलं की ‘गेरूची पायवाट’ सुरू होते. दोन्ही अंगांना पिवळेधमक, तांबडेलाल, मध्येच पांढुरके कडे. माथ्यावर पाइनची झाडं. बघणारा म्हणतो, काय निसर्ग आहे! निसर्ग आहेच, पण हे बरेचसे कडे म्हणजे जुन्या खाणींच्या भिंती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून माणसांनी ही टेकडी खणून काढली.

खणलेल्या मातीत वाळूच फार, रंग जेमतेम दहावा हिस्सा. हिवाळ्यात पाणी मुबलक, तेव्हा ही माती पाण्याबरोबर चरांतून सोडायची. जड वाळू वाटेतच बसायची, रंगीत गाळ पुढे हौदात जायचा. तिथून पुढचं काम उन्हाचं. गाळ सुकून घट्ट होत आला की त्यावर रेघा ओढून विटा पाडायच्या. पिवळा रंग हवा, तर तशाच दळायच्या. लाल हवा, तर आधी भट्टीत भाजायच्या. मातीतल्या लोहाला धरून असलेलं पाणी उडून जातं आणि पिवळी वीट लाल होते. गावाजवळच्या जुन्या मॅथ्यू कारखान्यात हौद, भट्टी आजही बघायला मिळतात. कडे पाहून परत फिरणारे बरेच. पण वेळ थोडा असेल तर दुकानं सोडा, हा कारखाना सोडू नका.

विसाव्या शतकात कृत्रिम रंग आले आणि हा धंदा बसला.

नाटककार सॅम्युएल बेकेटही इथे राहिला, पण सहलीला नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, पॅरिसमध्ये नाझींचे गुप्त पोलीस, गेस्टापो, मागे लागल्यावर तो या गावात लपला आणि आसपासच्या शेतांवर राबला.

जाणार असाल तर पांढरे कपडे घालू नका. आणि मूठभर माती खिशात टाकायचा मोह आवरा, त्याला बंदी आहे. बुटांना चिकटून येईल तेवढी मात्र तुमची.