सरकीचे सहा दाणे

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय 'बालवाडीच्या अभ्यासक्रमाची ध्येये आणि मूल्ये'. त्याकडे येतेच. पण समोर एवढ्या अंगणवाडीताई बसल्यात, तर आधी एका मुलीचं सांगते.

चोपडा तालुक्यातल्या एका गावात मी बालवाडी चालवायची. कापूस वेचणीचे दिवस. साडेचार वर्षांची एक पोर घरून मूठभर कापूस घेऊन आली. एका कोपऱ्यात बसून तिनं तो पिंजून सरकी काढली. प्रत्येक दाण्याला पांढरी लव चिकटलेली. सारवलेल्या जमिनीवर ती एकेक दाणा मांडत गेली : "हाऊ मना बा. हाई मनी माय." असे पाच दाणे ओळीनं. सहावा मात्र तिनं लांब, भिंतीपाशी सरकवला. "हाऊ काका. सुरतले गया."

मी विचारलं, "मग घरात किती?"

"घरमा पाच. दिवाळीले सहा."

ताई, हे गणित आहे की नाही? बेरीज आहे, घर सोडून गेलेल्या माणसाची आठवण आहे, अहिराणीतली नेमकी भाषा आहे, आणि बोटांची ती पकड आहे जिच्यावर पुढे पेन्सिल धरता येते. कुणी शिकवलं? मी नाही शिकवलं. मी फक्त तिला बसू दिलं.

जूनमध्ये घरच्यांनी तिला तालुक्याच्या एका शाळेत नेलं. रंगाचं नाव विचारलं. "लाल शे," ती म्हणाली. बरोबर होतं! पण ऐकावं लागलं, "घरची भाषा घरी ठेवून या." नंतर पन्नासपर्यंत अंक लिहायला सांगितले. माय तिला घेऊन परत माझ्या दारात आली. पोर दोन दिवस बोलली नाही. या गोष्टीचा राग मला अजून आहे, आणि तो जाऊ नये असंच वाटतं.

तुमच्यातल्या कितीतरी जणी मला सांगतात, "पालक वही मागतात." मागणारच. शेजारच्या पोराची वही भरलेली दिसते, सरकीचा हिशोब कुणाला दिसत नाही. तो आपणच पालकांना दाखवायला हवा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर आता भराभर.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. अभ्यासक्रमानं मुलाकडे चालत जायचं, हे पहिलं मूल्य.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला. या टप्प्यासाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात शरीर, भावना, बुद्धी, भाषा, कला हे सगळं आहे. आठ वर्षांपर्यंत शिकवण्याचं मुख्य माध्यम शक्यतो घरची भाषा असावी, असंही आहे. म्हणजे अहिराणी, पावरी, भिली, लेवा गणबोली वर्गात आणणं हा सरकारी कागदावरचा हक्क आहे, आपण कुणावर उपकार करत नाही. लेखनाची घाई नको. आधी खेळ, गोष्ट, गाणी, माती.

निरीक्षणवहीत मात्र एक करा. मूल बोलेल ते वाक्य त्याच्याच बोलीत उतरवा आणि खाली तारीख घाला. पालकसभेला तेच वाचून दाखवा. उरलेले प्रश्न चहाच्या वेळी बोलू, मी इथंच आहे.