परत वाच की

(सांगलीत ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका संध्याकाळच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

पाळक साहेबांनी मला विषय दिलाय, 'शास्त्रवाचन आणि प्रार्थना: नव्याने सुरुवात'. वेळ चाळीस मिनिटं. विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, आता ही बाई पहाटे पाचला उठायला सांगणार. तसं काही सांगणार नाही. माझं म्हणणं असं आहे की आपण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, फार भराभर आणि फार गप्प बसून वाचतो. प्रार्थनेत मात्र एकटेच बोलत सुटतो. वाचताना ओठ हलावेत, आणि प्रार्थना त्या वाचनातूनच उगवावी, हे मला आज तुमच्या गळी उतरवायचंय. ते माझ्या आजीकडून मला मिळालं, म्हणून आधी तिची गोष्ट सांगते.

आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आया होती. डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं ते हॉस्पिटल तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. इथल्या निम्म्या लोकांचा जन्म तिथला असेल. आजीची नोकरी बायकांच्या वॉर्डात होती आणि तिला अक्षर येत नव्हतं. सहीच्या जागी अंगठा. मी सात-आठ वर्षांची झाले, नीट वाचायला लागले, तेव्हापासून रात्री जेवणं झाली की कंदील पुढ्यात ओढून ती म्हणायची, "वाच."

आणि मी वाचायला लागले की दुसऱ्या-तिसऱ्या वचनाला थांबवायची. "थांब गं. परत वाच की."

मला राग यायचा. मुलांना पुढं जायचं असतं. मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, पाचवा अध्याय आम्ही किती रात्री वाचला असेल, त्याला हिशोब नाही. बारा वर्षं रक्तस्राव होत असलेली ती बाई, गर्दीतून मागनं येऊन येशूच्या वस्त्राला हात लावते आणि बरी होते. आजी म्हणायची, "एवढ्या गर्दीत तिला कुणी ढकललं न्हाई व्हय?" मी म्हणायचे, तसं लिहिलेलं नाही. "लिवलं नसंल. पर ढकललं असंल. असल्या बाईला लोक लांब ठेवत्यात." बायकांच्या वॉर्डात तिनं अशा कितीतरी जणी पाहिल्या होत्या, नवऱ्यानं आणून टाकलेल्या, मागं कुणी फिरकलेलं नाही अशा. ती त्या बाईला ओळखत होती.

पुढचं वचन आलं की आजी हमखास हसायची. मार्क सांगतो की त्या बाईनं पुष्कळ वैद्यांकडून पुष्कळ सोसलं, होतं नव्हतं ते खर्चलं आणि गुण न येता दुखणं आणखीच वाढलं. "परत वाच, परत वाच, ते वैद्याचं!" आज समोर डॉक्टर मंडळी बरीच बसली आहेत, मिरज जवळ आहे, तेव्हा एक सांगून टाकते. हीच गोष्ट दुसऱ्या शुभवर्तमानात लूकनेही लिहिली आहे आणि लूकला परंपरा वैद्य मानते. लूकने 'दुखणं आणखीच वाढलं' एवढं गाळलंय! घरी जाऊन मार्क पाच आणि लूक आठ शेजारी शेजारी ठेवून बघा. पण आधी मोठ्यानं वाचा, कारण डोळ्यांनी वाचताना हा फरक निसटतो. कान तो लगेच पकडतो.

मग वाचन संपायचं. आजी पदर डोक्यावर घ्यायची आणि तिथंच, त्याच जागी प्रार्थना सुरू. "बा, या बाईगत मी बी मागनं आले. तोंड दाखवायचं धाडस न्हाई. पर तुज्या कापडाला हात लागला तर तुला कळंल, येवढं मला म्हाईत हाय." मग वॉर्डातल्या बायकांची नावं. खाट नंबर चार, खाट नंबर सात. तिच्या प्रार्थनेत पाठ केलेलं एकही वाक्य नसायचं. आत्ता जे कानावर पडलं, त्यालाच ती उत्तर देत होती. हे मला फार उशिरा समजलं.

आता या गोष्टीतला माझ्या मनात अजून टोचणारा भाग. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एका वर्षी शास्त्रवाचनाची स्पर्धा निघाली. मंडळीचं नाव घेत नाही. छापलेला तक्ता होता, त्यात ११८९ चौकोन. जुन्या कराराचे ९२९ अध्याय, नव्याचे २६०. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात संपतं. प्रत्येक अध्यायाला एक चौकोन रंगवायचा. मी बारा वर्षांची होते. उत्पत्ती झालं, निर्गम झालं आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकाला मी अडकले. यज्ञपशूची चरबी कुठली काढायची, महारोगाच्या डागाचा रंग कोणता. मार्च गेला, एप्रिल गेला. मग मी नुसती पानं उलटली आणि चौकोन रंगवले. लेवीय, गणना, इतिहासाच्या वंशावळी, सगळं रंगवलं. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मला पहिलं बक्षीस मिळालं. आजीनं टाळ्या वाजवल्या.

मी खोटं केलं होतं, त्याची क्षमा मी प्रभूकडे मागितली आहे आणि ती मिळाली आहे. टोचतं ते वेगळंच. वर्षाच्या सुरुवातीला आजीनंही तक्ता मागितला होता. तक्ते वाटणारे गृहस्थ म्हणाले, "आजी, तुम्ही वाचत कुठं? तुम्ही ऐकता." तिला तक्ता मिळाला नाही. त्या वर्षात तिनं मार्कचं शुभवर्तमान ऐकलं, सोळा अध्याय, बारा महिन्यांत. मी बक्षीस मिळवलं आणि मार्क तिला मिळाला. त्या गृहस्थांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण चूक मोठी होती, कारण प्रेषित पौल रोमकरांस लिहितो की विश्वास ऐकण्याने होतो. आपला शिष्य तिमथ्य यालाही तो मंडळीत शास्त्र मोठ्यानं वाचण्याकडे लक्ष दे म्हणून सांगतो. छापलेली पुस्तकं घरोघर येण्याआधी दीड हजार वर्षं बहुतेक ख्रिस्ती माणसं माझ्या आजीसारखीच होती. ऐकणारी.

प्रेषितांच्या कृत्यांत तो कूशी, म्हणजे इथिओपियाचा, अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय. सुवार्तिक फिलिप्प धावत रथाजवळ जातो आणि त्याचं वाचन त्याला ऐकू येतं. मनात वाचत असता तर ऐकू कसं आलं असतं? चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोस ओठ न हलवता वाचायचे, तेव्हा संत ऑगस्टीनना ते इतकं नवलाचं वाटलं की त्यांनी आपल्या आत्मवृत्तात त्याची नोंद केली. आज आपल्याला नवल उलट्या गोष्टीचं वाटतं.

मनन या शब्दाचंही तसंच. पहिलं स्तोत्र सगळ्यांना पाठ आहे, रात्रंदिवस मनन करणारा मनुष्य धन्य. मनन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं डोळे मिटून बसलेला माणूस येतो. मूळ हिब्रूत तिथं जो धातू आहे, तोच यशयात सिंह भक्ष्यावर गुरगुरतो तिथं आहे, आणि आजारी हिज्कीया राजा पारव्यासारखा घुमतो तिथंही आहे. म्हणजे तो घशातून निघणारा आवाज आहे, पुटपुटणं, घोळवणं. यहोशवाच्या पहिल्या अध्यायात तोच धातू येतो आणि तिथं हा ग्रंथ तुझ्या मुखातून जाऊ नये असं म्हटलंय. डोळ्यांपुढून जाऊ नये असं म्हटलेलं नाही.

पंडिता रमाबाईंना हे कळलं होतं असं मला वाटतं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मराठीत संपूर्ण शास्त्राचं भाषांतर केलं, ते साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते छापून निघालं, केडगावच्या मुक्तिसदनाच्या छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून. आपल्याकडं एवढं मोठं काम एका बाईनं करून ठेवलंय आणि आपल्या तरुण संघातल्या मुलांना त्याची माहितीही नसते, हे मला बरं वाटत नाही. पण तो विषय आज नको, वेळ जाईल.

टिळकांचं मात्र सांगितलंच पाहिजे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या शेजारच्या साताऱ्यात शेवटची वर्षं राहिले, 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तानुयायांचा मेळा तिथंच सुरू केला. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. टिळक पंडित माणूस. हाती घेतलेलं पुस्तक पेन्सिलीनं खुणा करत पुरं वाचायचं, ही त्यांची रीत. त्या रीतीनंच त्यांनी वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाच्या तीन अध्यायांपाशी ते अडकले. एवढा विद्वान माणूस तीन अध्यायांवर थांबला आणि तिथूनच १८९५ च्या बाप्तिस्म्यापर्यंत पोचला. आपण मात्र तीन अध्याय सकाळच्या चहाबरोबर संपवतो.

आता मिरजेचं एक. पाहुणे आले की आम्ही त्यांना तंतुवाद्यांची गल्ली दाखवायला न्यायचो. एकदा तिथं एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होता. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा घालतात. त्यानं तार छेडली, आवाज बसका. दोरा केसभर सरकवला, पुन्हा छेडली. पुन्हा सरकवला. पाच-सहा वेळा. आणि एका क्षणी तो आवाज असा उघडला की सगळी खोली भरून गेली. तार तीच, घोडी तीच. त्या दुकानात उभ्या उभ्या मला आजी आठवली. परत वाच की, परत वाच की. ती जवारी लावत होती.

पाळक साहेब घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं? बरं, सात. मुख्य भाग आता घाईनं सांगावा लागणार.

तक्ता लावून वाचणाऱ्यांनी तक्ता फाडू नये. वर्षात एकदा सगळं शास्त्र डोळ्यांखालून जाणं चांगलं. पण त्याला आपली रोजची भाकर समजू नका. रोजच्यासाठी एक शुभवर्तमान धरा, मार्कच धरा. पाच-दहा वचनं पुरेत. अध्याय संपला पाहिजे हे मनातून काढा. अध्याय तेराव्या शतकात पाडलेत, नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे १५५१ साली मूळच्या पॅरिसच्या एका मुद्रकानं घातलेत. मार्कने ते घातलेले नाहीत. जिथं मन अडेल तिथं थांबा. स्वतःच्या कानाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात तीनदा वाचा. ज्यांच्या घरात दोनच खोल्या आहेत त्यांची अडचण मला कळते. शमुवेलाच्या पुस्तकात मूल मागणाऱ्या हन्नाचे नुसते ओठ हलत होते आणि एली याजकाला ती प्यालेली वाटली, तरी देवानं ऐकलं. ओठ हलवा. आणि मोबाईलवर आलेलं सकाळचं वचन पुढं पाठवण्याआधी एकदा स्वतः मोठ्यानं वाचा. मग दहा जणांना पाठवा.

प्रार्थनेबद्दल. आपण क्रम उलटा लावलाय. आधी गुडघे टेकतो, 'हे आमच्या स्वर्गीय बापा' म्हणतो, मग यादी: सांभाळ, आशीर्वाद दे, परीक्षेत यश दे, आमेन. मन भटकतं, मग भटकलं म्हणून अपराधी वाटतं. ब्रिस्टलला अनाथालय चालवणारे जॉर्ज म्युलर प्रार्थनेचे मोठे पुरुष. त्यांनी १८४१ साली लिहून ठेवलंय की वर्षानुवर्षं ते सकाळी उठून सरळ प्रार्थनेला लागत आणि कितीतरी वेळ मन जाग्यावर येत नसे. मग त्यांनी क्रम बदलला. आधी वचन घ्यायचं, त्यावर मनन करायचं, आणि त्यातून प्रार्थना आपोआप सुरू होऊ द्यायची. समोरचा बोलला की आपण उत्तर देतो, इतकं ते साधं आहे. वचनात क्षमा आली तर आपल्या पापाबद्दल बोला. वादळ आलं तर आपलं वादळ सांगा. बाई गर्दीत शिरली तर खाट नंबर चार आठवा. यादी राहू द्या, पण ती मागून येऊ द्या.

आणि शब्दच सापडत नसतील तर स्तोत्रं आहेत, दीडशे. प्रभूनं वधस्तंभावर स्वतःचे नवे शब्द शोधले नाहीत, बाविसावं आणि एकतिसावं स्तोत्र म्हटलं. राग आला असेल तर तेरावं काढा, पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'किती वेळ' विचारलंय. घरात मृत्यू झाला असेल तर अठ्ठ्याऐंशीवं, ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा जोडलेला नाही. देवानं अशी प्रार्थना आपल्या ग्रंथात राहू दिली, तर आपली तो का ऐकणार नाही? गेल्या वर्षी आमच्या घरी दुःख झालं तेव्हा आठवडाभर मला दुसरं काहीच म्हणता आलं नाही, आणि तेवढंच पुरलं.

संपली का वेळ? दोन मिनिटं द्या. शास्त्र आणलंय ना सगळ्यांनी? स्तोत्र १३१ काढा. तीनच वचनं आहेत. मधल्या वचनात दूध तुटलेलं बाळ आहे, आईजवळ बसलेलं. आजी म्हणायची, "अंगावर पिणारं पोर आईजवळ मागायला येतंय. दूध तुटलेलं पोर नुसतं बसायला येतंय."

मी एकदा वाचते. मग थोडं गप्प बसू. मग तुम्ही वाचा, आपापलं, हळू आवाजात. सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळले तरी चालेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शेजारच्याला सांगा, परत वाच म्हणून.