कात्री कुठे लावायची

(दृश्य : टेबलावर छापील कागद, कात्री, पेन्सिल. दोन हात कागद कापताहेत.)

एक इंग्रजी गोष्ट. जेमतेम पानभराची. एका घरात पत्र येतं, कुणीतरी ते उघडतं आणि रात्री दाराला कुलूप लागलेलं दिसतं. हे पान मुलांना आहे तसं दिलं, तर ती वाचतील, खालचे पाच प्रश्न सोडवतील आणि वही मिटतील. माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या या शिक्षिका मात्र त्याच्या पट्ट्या करताहेत. उद्या प्रत्येक गटाला या पट्ट्यांचं एक पाकीट मिळेल आणि गोष्ट मुलांनीच क्रमाने लावायची.

कात्री कुठे लावायची, हे त्या बराच वेळ ठरवत होत्या. ही पट्टी पाहा. हिच्यावरचं वाक्य ‘द लेटर’ने सुरू होतं. म्हणजे पत्राचा उल्लेख आधी ‘अ लेटर’ असा कुठेतरी येऊन गेला असणार, आणि ती पट्टी हिच्या वर बसणार. दुसऱ्या पट्टीवर नुसतं ‘शी’ आहे. ही ‘शी’ कोण? नाव असलेली पट्टी सापडेपर्यंत हिला जागा नाही. तिसरीवर ‘हॅड लॉक्ड’. पत्र उघडलं जाण्याआधीच कुणीतरी कुलूप लावून गेलं होतं. आर्टिकल, सर्वनाम, काळ. एरवी ज्यांचे नियम फळ्यावरून उतरवून घ्यायचे, त्यांचाच पुरावा देऊन मुलं उद्या एकमेकांशी वाद घालणार आहेत.

कडा सरळ कापल्या आहेत, तेही मुद्दाम. कागद वेडावाकडा फाडला, तर मुलं कडा जुळवून मोकळी होतात, एकही ओळ न वाचता. शीर्षक काढून टाकलंय. परिच्छेदाच्या सुरुवातीला सोडलेली जागाही पुसली आहे. वाचल्याशिवाय पुढे जायला वाटच ठेवायची नाही, हा त्यामागचा विचार.

(दृश्य : वर्कशीटचा गठ्ठा. कॅमेरा एका प्रश्नावर थांबतो.)

माध्यमिक शाळेतल्या इंग्रजीच्या तासासाठी साहित्य तयार करताना पहिली कसोटी हीच लावावी, असं मला मनापासून वाटतं. न समजता हे सोडवता येतं का? एक उतारा ऐका. ‘गळूप झिंबरात टिपकला. तिथे त्याने तीन फुचके वेचारले.’ आता प्रश्न. गळूप कुठे टिपकला? झिंबरात. त्याने किती फुचके वेचारले? तीन. दोन्ही उत्तरं बरोबर, आणि कळलं मात्र काहीच नाही. कितीतरी उताऱ्यांखालचे प्रश्न असेच असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या पुढचे दोन शब्द उतरवायचे, की काम झालं. पण गळूपाने ते फुचके का वेचारले असतील, असं विचारलं की ही युक्ती संपते. खऱ्या उताऱ्यावर असा प्रश्न आला, तर मुलाला मागे जाऊन वाचावंच लागतं.

मग साहित्य आकर्षक करायचं म्हणजे काय करायचं? रंगीत चौकटी, कोपऱ्यात हसरे चेहरे, मध्येच एखादी गमतीशीर माहिती? 1989 मध्ये रूथ गार्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाच्या एका बाजूचा अभ्यास केला. उताऱ्यात रंजक पण विषयाशी फारसा संबंध नसलेले तपशील घातले, की वाचणाऱ्यांना मुख्य मुद्दे कमी आठवतात, असं त्यांना दिसलं. अशा तपशिलांना नावही पडलं, भुरळ घालणारे तपशील. चित्राला माझा विरोध नाही. चित्र पाहिल्याशिवाय प्रश्न सुटत नसेल, तर ते हवंच. नुसती जागा भरायला आलेलं चित्र काढून ती जागा मुलाच्या लिहिण्यासाठी ठेवावी.

मोकळ्या जागेवरून ‘रिकाम्या जागा भरा’ आठवलं. या जुन्या प्रश्नाकडे आपण फार हलक्याने पाहतो. 1953 मध्ये विल्सन टेलर यांनी क्लोज नावाची पद्धत मांडली. ठरावीक अंतराने शब्द गाळायचा आणि वाचकाला तो ओळखता येतो का ते पाहायचं. मूळ हेतू होता मजकूर वाचायला किती सोपा आहे हे मोजण्याचा. वर्गात मात्र शब्द अंतर मोजून गाळण्यापेक्षा निवडून गाळावा. कवितेतलं एकच क्रियापद काढा आणि खाली पर्यायी शब्दांची चौकट देऊ नका. मुलांनी आपापले शब्द सुचवले, की कवीचा शब्द फळ्यावर लिहा. इतके सगळे शब्द बसत असताना कवीने हाच का घेतला, या चर्चेत अख्खा तास जाऊ शकतो. जाऊ द्यावा.

(दृश्य : गटात बसलेली मुलं. प्रत्येकाच्या हातात वेगळा कागद.)

प्रत्येकाला वेगळा कागद देण्यामागे एक इतिहास आहे. 1971 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरात, वंशावरून वेगळ्या ठेवलेल्या शाळांमधली मुलं नुकतीच एका वर्गात आली होती. वातावरण तणावाचं होतं. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. बाकीचा धडा समजायचा, तर शेजारच्याचं ऐकायलाच हवं. जिगसॉ नावाची ही रचना आज जगभर वापरली जाते. भाषेच्या तासाला ती विशेष लागू पडते, कारण इथे ऐकणं आणि सांगणं हाच अभ्यास असतो.

आता जरा नाजूक मुद्दा. चौदा वर्षांच्या मुलाचं इंग्रजी कच्चं असू शकतं. त्याचं डोकं चौदा वर्षांचंच असतं. त्याला ससा-कासवाची गोष्ट दिली, तर तो मान खाली घालून ती वाचेल, आणि तिथून पुढे इंग्रजीचा तास त्याला अपमानाचा वाटू लागेल. वाक्यं छोटी असावीत, शब्द ओळखीचे असावेत, पण विषय त्याच्या वयाला शोभणारा हवा. मैत्री तुटणं, खोटं बोलून सुटणं, घरच्यांशी न पटणं. शक्यतो उतारा सगळ्यांना एकच द्यावा आणि काम वेगवेगळं. कुणी वाक्याच्या सुरुवातीचा आधार घेऊन लिहील, कुणी कोऱ्या कागदावर. चर्चेला मात्र सगळे एकाच गोष्टीवर बोलतील.

छपाईबद्दल थोडक्यात. अक्षर 12 ते 14 पॉइंट, ओळींमध्ये दीडपट अंतर, डावी कड सरळ. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनात अडचण, असलेल्या मुलांसाठी ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन हेच सुचवते, आणि बाकीच्यांचंही त्याने काही बिघडत नाही.

प्रश्न कितीही चांगला असला, तरी त्याला वेळ लागतो. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत मोजून पाहिलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. हेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं, तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. परक्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्या मुलाला तर ही उसंत हवीच. म्हणून काही वर्कशीटवर प्रश्नाखाली छापलेलं असतं, ‘आधी एक मिनिट लिहा, मग शेजाऱ्याला सांगा.’

(दृश्य : दोन मुली पाठीला पाठ लावून बसल्यात. दोघींकडे एकाच खोलीचं चित्र, थोडं वेगळं.)

एकमेकींचं चित्र न पाहता फरक शोधायचे. पहिल्या चित्रांत एकीच्या खोलीत घड्याळ होतं, दुसरीच्या नव्हतं. एकीकडे मांजर, दुसरीकडे नाही. संवाद ऐकला तर काय? ‘क्लॉक?’ ‘यस.’ ‘कॅट?’ ‘नो.’ खेळ रंगला, फरक सापडले, पण पुरं वाक्य एकदाही कानावर आलं नाही. शिक्षिकांनी मुलींना दोष दिला नाही, चित्र बदललं. आता घड्याळ, मांजर, छत्री दोन्ही चित्रांत आहेत, फक्त जागा बदलल्यात. मांजर एकीकडे खुर्चीखाली, दुसरीकडे दारामागे. छत्री एकीकडे भिंतीला टेकलेली, दुसरीकडे पलंगावर उघडी पडलेली. आता ‘कॅट?’ म्हणून भागत नाही. ‘इज युअर कॅट बिहाइंड द डोअर?’ असं विचारावंच लागतं.

या जुन्या-नव्या चित्रांच्या जोड्या एकाच फाइलमध्ये आहेत. मागच्या बाजूला पेन्सिलने नोंद आहे, पुढच्या वर्षी ही तुकडी घेणाऱ्या शिक्षकांसाठी : काय बदललं, का बदललं, आणि ‘अंडर’ व ‘बिहाइंड’ आधी फळ्यावर घ्यावेत.