मार्चची वीस तारीख, मुक्काम कोकण

(दृश्य: पहाटेचा अंधार. वेंगुर्ल्याजवळचं आसोली गाव. झाडाला टेकवलेली शिडी.)

भिंतीवरच्या कॅलेंडरात मार्चची वीस तारीख काळ्या आकड्यात छापलेली असते. सुट्टी नाही. सण आलाच तर एखाद्या वर्षी पंचांगाच्या फेऱ्यात येतो, नाहीतर नाही. आम्ही ही तारीख मुद्दाम निवडली आहे. वेंगुर्ल्यापासून सुरुवात करू आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला सरकत महाडला पोचू.

आसोलीत या दिवसांत पहाट होते ती सुरंगीच्या झाडाखाली. सुरंगीचं फूल कोवळ्या शेंड्याला येत नाही, जुन्या फांदीच्या लाकडालाच दाटीनं लगडतं. कळी उमलायच्या आत उतरवावी लागते, म्हणून माणसं अंधारातच झाडावर चढतात. उजाडलं, फुलं उघडली, की मधमाश्या येतात आणि मग फांदीला हात लावायची सोय राहत नाही. घरी बायका कळ्यांचे वळेसर ओवतात, ते बाजारात जातात. वाळलेल्या कळ्या अत्तरासाठी विकल्या जातात. सुकल्यावरही सुरंगीचा वास जात नाही. फेब्रुवारी ते एप्रिल, एवढाच तिचा हंगाम. तेवढ्या दिवसांत वेंगुर्ल्याच्या एसटीत बसलात तर पुढच्या बाकावरच्या वेणीतून तो वास तुमच्यापर्यंत येतोच.

(दृश्य: सह्याद्रीच्या कड्यामागून वर येणारा सूर्य.)

पावणेसातच्या आसपास सूर्य दिसतो. आज, किंवा एखाद्या वर्षी उद्या, तो नेमका पूर्वेला उगवतो आणि संध्याकाळी नेमका पश्चिमेला समुद्रात उतरतो. हा विषुवदिन. या दिवशी दिवस आणि रात्र सारखे, असं आपण शाळेत शिकलो. प्रत्यक्षात कोकणात आजचा दिवस बारा तासांहून सहा-सात मिनिटं मोठा भरतो. हवेतून येताना किरण वाकतात, त्यामुळे सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो आणि मावळल्यावरही थोडा वेळ दिसत राहतो. शिवाय सूर्याची वरची कड दिसली की आपण सूर्योदय झाला म्हणतो.

रत्नागिरीच्या एखाद्या अंगणात आज काठी रोवून बघा. सावली सगळ्यात आखूड होते ती बाराला नाही, पाऊणच्या सुमाराला. देशाचं घड्याळ लावलंय साडेब्याऐंशी रेखांशावर, तिकडे मिर्झापूरच्या बाजूला. कोकण त्याच्या कितीतरी पश्चिमेला. त्यामुळे सरकारी बारा वाजून गेले तरी इथली मध्यान्ह अजून यायची असते. जुन्या घरात 'सूर्य माथ्यावर आला, आता पानं घ्या' असं म्हणणारी आजी घड्याळापेक्षा जास्त बरोबर असते, हे मला मनापासून आवडतं.

सरकारी नवं वर्षही इथंच उंबरठ्यावर आहे. मेघनाद साहा यांच्या समितीनं सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ ला सुरू झाली, शके १८७९ चैत्र १. आकाशवाणीवर सकाळी भारतीय सौर तारीख सांगतात ती हीच. पण होडी घेऊन जाणारा माणूस तिथी धरतो, कारण भरतीचा हिशेब तिथीत आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे लहानशी भरती. विषुवदिनाजवळची उधाणं वर्षातल्या मोठ्या उधाणांत मोडतात. एवढं गणित तोंडी करता येतं, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या होड्या लोटल्या गेल्या आहेत.

(दृश्य: देवगडची कातळावरची आंबाबाग.)

बागेत मात्र आज कोणाला उसंत नाही. हापूसच्या एकाच झाडावर काढायला आलेलं फळ असतं, सुपारीएवढी कैरी असते आणि कुठे कुठे नवा मोहोरही असतो. पाहुण्याला हे दृश्य देखणं वाटतं. बागायतदाराच्या पोटात गोळा येतो, कारण थंडी लांबून पुन्हा मोहोर आला की झाड आधीची कैरी टाकून देतं. तुडतुडा, फुलकिडा, भुरी यांच्यावर फवारण्या चालूच. मार्चातलं ऊन अचानक चढलं तर फळ भाजतं, गळतं. वर्षभराची मिळकत या चार आठवड्यांत फांदीवर लटकत असते.

फळ चौदा आणे तयार झालं की काढायचं, हा जुना मापदंड अजून चालतो. रुपयाचे सोळा आणे व्यवहारातून गेले, आंब्यात राहिले. काढायचं ते देठासकट, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. त्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं नूतन झेला काढला, म्हणजे पातं आणि जाळी लावलेली आंबे उतरवायची काठी. फांदीवर चढणारे, रात्री राखणीला जागणारे कितीतरी गडी आज नेपाळचे आहेत. हंगामाआधी येतात, पावसाच्या तोंडावर परततात. मुंबईत, पुण्यात पेटी उघडताना त्यांची आठवण कोणी काढत नाही. निदान आपण काढू.

स्वयंपाकघरात या दिवसांत ओल्या काजूगरांची उसळ शिजते. खायला दहा मिनिटं, करायला अख्खी सकाळ. ओली बी चिरली की चीक उडतो आणि तो कातडी जाळतो, म्हणून बायका हाताला तेल नाहीतर राख चोळून बसतात. गर काढायचे, गरम पाण्यात टाकायचे, एकेकाची साल सोलायची, मग खोबऱ्याचं वाटप. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. आज वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं काढलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती डोंगरउतारांवर पसरल्या आहेत. ज्या बाजारात ओल्या गरांचा भाव ऐकून आपण दचकतो, तिथं विकणारीच्या बोटांकडे एकदा बघावं. भाव कमीच वाटेल.

चिमण्यांचाही आज दिवस. २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळतात. कौलारू घरात वाशाच्या फटीत, फोटोच्या चौकटीमागे चिमणीला जागा असायची. स्लॅबच्या घरात फट नाही. ज्यांना जमेल त्यांनी पडवीत एक लाकडी खोकं टांगावं.

(दृश्य: वेळासचा किनारा. वाळूवरून समुद्राकडे निघालेली पिल्लं.)

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला आज संध्याकाळी माणसं वाळूत दोरीच्या अलीकडे बसलेली दिसतील. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पुढचे पन्नासेक दिवस वाळूच ती उबवते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, कमी तापली तर नर अधिक. पूर्वी ही अंडी खाल्ली जायची, विकली जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आता कासव महोत्सव भरतो, लोक गावातच घराघरांत उतरतात, पोळी-भाजी खातात, आणि पिल्लू पाण्याला लागलं की परक्या मुलांबरोबर गावची मुलंही ओरडतात. अंडी विकणाऱ्या गावानं अंडी राखायला शिकावं, तेही आपल्याच डोळ्यांदेखत, याहून चांगली बातमी या किनाऱ्याकडे क्वचितच असेल.

(दृश्य: ढोल, निशाण, नाचणारी पालखी.)

आणि शिमगा. कुठं तेरसे शिमगे, म्हणजे त्रयोदशीची होळी, कुठं भद्रेचे, म्हणजे पौर्णिमेची. होळी मार्चच्या सुरुवातीला येवो की अखेरीला, वीस तारखेच्या अलीकडे-पलीकडे कोकणातलं कुठलं ना कुठलं गाव जागं असतंच. काही गावांत ग्रामदेवतेची पालखी पाडव्यापर्यंत घरोघर फिरते. वर्षभर देवळात राहणारा देव स्वतः उठून आपल्या दारात येतो, म्हणून चाकरमानी वाट्टेल त्या गाडीला लटकून गाव गाठतो. गणपतीला आला नाही तर चालेल, पालखी घरी येईल त्या दिवशी कडीला कुलूप नको.

शिमग्यात हसायला मुभा असते. गुहागरकडचा संकासुर बघा: काळा पोशाख, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पोरं त्याला चिडवतात, तो पाठीमागे लागतो, पोरं आईच्या पदरामागून पुन्हा चिडवतात. दक्षिणेला दशावतारात हाच वेद पळवणारा असुर मालवणीत बोलायला लागला की मध्यरात्रीचा मांडव हसून जागा होतो. एकमेकांना फाका घालायच्या, वर्षाची उणीदुणी आरोळीत काढायची. 'शिमगा गेला, कवित्व राहिलं' ही म्हण कोकणी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

मग गाऱ्हाणं. सगळे हात जोडून उभे, आणि मानकरी खणखणीत आवाजात देवाशी बोलायला लागतो: 'बा देवा म्हाराजा, आज जो काय गाव तुझ्या पायाकडे जमलेलो असा, त्येंची सेवा मान्य करून घे. कोणाचा काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, नि सगळ्यांचा बरा कर रे म्हाराजा!' गाव एका आवाजात म्हणतो, 'व्हय म्हाराजा!' नोकरी, लग्न, आंबा, आजारपण, काहीही मागा. सगळ्यांच्या वतीनं एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी हुंकार भरायचा. मला या 'सगळ्यांचा बरा कर' इतकं मोठं मागणं दुसरं माहीत नाही. म्हणूनच मला विचारावंसं वाटतं, की त्या 'सगळ्यां'त कोण कोण होतं?

(दृश्य: महाड. चवदार तळं. पायऱ्या, पाणी, निळे झेंडे.)

कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मार्चात विहिरी तळ दाखवतात. जांभा पाणी धरून ठेवत नाही. म्हणून इथं पाण्याला मान आहे. दारात आलेल्याला आधी गूळ-पाणी, मग ओळखपाळख. आणि याच कोकणात, १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा (आजचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, तेव्हा आलेल्या हजारो माणसांना प्यायला पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावं लागलं. तळं गावात होतं. भरलेलं होतं.

सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळानं १९२३ मध्येच मंजूर केला होता: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनंही १९२४ मध्ये तळं खुलं केलं, कागदावर. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस या माणसांनी परिषदेसाठी राबणूक केली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मघाशी वेळास पाहिलं त्याच मंडणगड तालुक्यातलं. लहानपणीची काही वर्षं दापोलीत गेलेली. ते इथलेच होते.

त्या वर्षी फाल्गुनी पौर्णिमा १८ मार्चला होती. म्हणजे माणसं महाडकडे निघाली ती ऐन शिमग्यात. वीस तारखेला परिषदेतून रांगेनं सगळे तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, मग बाकीच्यांनी. थोड्याच वेळात 'हे आता देवळात शिरणार' अशी आवई उठली आणि परतीच्या वाटेवरच्या माणसांना लाठ्यांनी मारलं गेलं. नंतर तळं 'शुद्ध' करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे घडे पाण्यात ओतले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली तेव्हा कोर्टाचा मनाईहुकूम आडवा आला. पाणी घेतलं गेलं नाही, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. खटला चालत राहिला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला. तळं फक्त आपलंच, अशी अनादी वहिवाट असल्याचं सवर्ण फिर्यादी म्हणत होते, ती त्यांना सिद्ध करता आली नाही. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं लागली.

कोकणच्या वसंतावर लिहिणारे पांगाऱ्यावर लिहितात, हापूसवर लिहितात, पालखीवर तर लिहितातच. मीही आज तेच केलं आणि त्यातला शब्द न्‌ शब्द प्रेमानं केला. पण मार्चातल्या कोकणाची गोष्ट चवदार तळ्याला वळसा घालून पूर्ण होत नाही. हा दिवस फक्त ज्यांना पाणी नाकारलं त्यांच्या मुलानातवंडांनी पाळायचा नाही. ज्यांनी नाकारलं, त्यांच्या घरातल्या आम्हा लोकांचाही तो आहे, कदाचित जास्तच. दरवर्षी या तारखेला राज्यभरातून माणसं इथं येतात. पोरांना कडेवर घेऊन पायऱ्या उतरतात, तळ्याचं पाणी हातात घेतात, पुस्तकांच्या दुकानांपाशी तासन्‌तास उभी राहतात. त्या गर्दीत शिमग्याहून परतणारा चाकरमानी मला फारसा दिसला नाही.

वाट त्याच्या पायाखालचीच आहे. मुंबई-गोवा महामार्ग महाडवरूनच जातो. रेल्वेनं येणाऱ्यांनी वीर स्थानकावर उतरावं, तिथून महाडला गाड्या मिळतात. शिमग्याहून मुंबईला परतताना तळ्यावर या. मुलांना पायऱ्यांपर्यंत न्या आणि इथं काय झालं ते त्यांना तुमच्या तोंडून सांगा.