मायरन रोल: सेफ्टी, स्कॉलर, सर्जन

(पडद्यावर: रिकामं मैदान, मैदानावरच्या पांढऱ्या यार्डरेषा)

ही गोष्ट मायरन रोलची, फुटबॉल खेळता खेळता मेंदूचा सर्जन झालेल्या माणसाची. आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू, इथे फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोवाला नाही, अमेरिकन फुटबॉल. अंडाकृती बॉल, हेल्मेट, खांद्यावर जाडजूड पॅड आणि अकरा-अकरा जण एकमेकांवर धाडकन आदळतायत, तोच तो. त्यात डिफेन्सच्या सगळ्यात मागच्या फळीत चार-पाच जण असतात, त्यांना डिफेन्सिव्ह बॅक म्हणतात. कडेला कॉर्नरबॅक, आणि मधोमध सगळ्यात खोल उभा असतो तो सेफ्टी. त्याच्या मागे कोणी नाही. पुढच्या दहा जणांची चूक तो निस्तरतो, त्याची चूक निस्तरायला कोणीच नसतं, टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडणं, सुटला की समोरचा पळत सुटतो तो थेट टचडाऊनलाच, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडे बॉल नेऊनच, थांबतो.

आता हा माणूस नक्की करतो काय ते जरा जवळून बघा. बॉल अजून हललेला नाही. त्याची नजर आधी रिसीव्हरवर, म्हणजे पास झेलणाऱ्यांवर, या बाजूला किती, त्या बाजूला किती. मग बॉल हलतो आणि पहिल्या क्षणाला तो समोरच्या लाइनमनकडे बघतो, ते जाडे गडी खाली वाकून पुढे घुसले तर बॉल घेऊन कोणीतरी पळणार, आणि उभे राहून मागे सरकले तर पास येणार. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत. चुकीचा अंदाज घेऊन दोन पावलं पुढे आलास की बॉल तुझ्या डोक्यावरून गेला समज. म्हणजे ताकद लागतेच, स्पीड पण लागतो, पण या जागेवर आधी डोकं चालावं लागतं. मायरन रोल याच जागेवर खेळायचा.

(पडद्यावर: नकाशा, बहामाजची बेटं)

रोल हे आडनाव बहामाजमधल्या एक्झुमा बेटांवरचं. तिथे इंग्रज जमीनदार लॉर्ड रोलचे कापसाचे मळे होते, त्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांनी मालकाचं आडनाव घेतलं, म्हणून आज एक्झुमात दगड मारला तर तो एखाद्या रोललाच लागेल अशी परिस्थिती आहे, गावांची नावंसुद्धा रोलटाऊन आणि रोलव्हिल. मायरनचे आईवडील मूळचे बहामाजचे. त्याचा जन्म 1986 चा, ह्यूस्टनमधला, पण वाढला न्यू जर्सीत. पाच भावांत शेंडेफळ. घरात फुटबॉल होताच, सामारी रोल आणि अँट्रेल रोल हे दोघं नात्यातले आणि दोघंही पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, डिफेन्सिव्ह बॅक म्हणून खेळले.

पाचवीत असताना मोठ्या भावाने त्याच्या हातात बेन कार्सनचं आत्मचरित्र ठेवलं. कार्सन म्हणजे तो डेट्रॉईटच्या गरीब वस्तीतून आलेला कृष्णवर्णीय न्यूरोसर्जन, नंतर राजकारणात गेला तो भाग वेगळा. पोराने ठरवलं, एनएफएल खेळायचं आणि मेंदूचा सर्जन पण व्हायचं. आपल्याकडे पाचवीतलं पोरगं असं बोललं तर काका-मामा हसून म्हणतील की आधी वार्षिक परीक्षा पास हो. त्याच्या घरात मात्र कोणी हसलं नाही, आणि मला वाटतं अर्धं काम तिथेच झालं.

(पडद्यावर: प्रिन्स्टन गाव, शरद ऋतूतली झाडं)

हायस्कूल म्हणजे प्रिन्स्टनची हन स्कूल. फुटबॉलसाठी फेमस असलेली शाळा म्हणावी तर तशीही नाही, अभ्यासाची शाळा. तिथे तो फुटबॉल खेळायचा, बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा, शाळेच्या संगीत नाटकात मुख्य भूमिका केली, आणि मार्कांत ए सोडून काही नाही. ऐकायला हे लग्नाच्या बायोडेटासारखं वाटतं हे मान्य आहे. पण फुटबॉलमध्येही तो काही हौशी नव्हता बरं का, 2006 ला कॉलेजात जाणाऱ्या अख्ख्या देशातल्या पोरांमध्ये ईएसपीएनने त्याला एक नंबरला ठेवलं होतं. स्कॉलरशिपच्या ऑफर आल्या 83. त्र्याऐंशी! कोच लोक घरी चकरा मारायचे, फोन करायचे, आणि घरच्यांचा प्रश्न ठरलेला, डॉक्टर व्हायचं शिक्षण फुटबॉलसोबत करू देणार का, ते सांगा.

त्याने फ्लोरिडा स्टेट निवडलं. टॅलाहासी शहर, तेव्हा 80 हजारांच्या आसपास माणसं बसायची एवढं स्टेडियम, आणि हेड कोच बॉबी बाउडन, जो तोपर्यंत तिथे दंतकथा होऊन बसला होता. हायस्कूल लवकर आटपून मायरन जानेवारी 2006 मध्येच कॉलेजात दाखल झाला.

इथे नियमांचं थोडं सांगतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॉलेजचे खेळ चालवणारी संस्था एनसीएए. तिचा नियम असा की खेळासाठी आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही. कागदावर. प्रत्यक्षात एनसीएएच्याच सर्व्हेत मोठ्या कॉलेजांचे फुटबॉलपटू सांगतात की सीझनमध्ये 40 तासांच्या वर जातात, कारण जिम, जुन्या मॅचचे व्हिडिओ बघणं, दुखापतीवरचे उपचार, प्रवास, यातलं बरंचसं ‘तुझ्या मर्जीने’ या खात्यात टाकतात आणि ती मर्जी किती तुझी असते ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे एक पूर्ण नोकरी करून वर डिग्री. म्हणून मग बरीच पोरं सोप्यातला सोपा मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, घेतात, क्लासच्या वेळा प्रॅक्टिसच्या आड येणार नाहीत असं बघून घेतात, आणि कॉलेजलाही ते बरंच पडतं. लॅबवाले विषय तर बहुतेक जण टाळतातच, कारण केमिस्ट्रीचं लॅब दुपारी आणि प्रॅक्टिसही दुपारीच.

मायरनने नेमकं तेच घेतलं. एक्सरसाइज सायन्सची डिग्री आणि सोबत मेडिकलला जायला लागणारे सगळे कोर्स. अडीच वर्षांत डिग्री संपवली, जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, 4 पैकी 3.75. वर स्टेम सेलवर रिसर्च, माणसाच्या अस्थिमज्जेत सापडणाऱ्या मेसेन्कायमल नावाच्या मूळ पेशींवर. सकाळी लॅबमध्ये पेशींची डिश सांभाळायची आणि दुपारी शंभर किलोच्या गड्याला अंगावर घ्यायचं, हे एकाच आठवड्यात, एकाच माणसाने.

आणि अजून एक काम, जे मला यातलं सगळ्यात आवडतं. फ्लोरिडा स्टेटच्या टीमचं नावच सेमिनोल्स, तिथल्या मूळनिवासी जमातीवरून घेतलेलं, जमातीच्या परवानगीने. नाव सगळे वापरतात, त्या लोकांकडे जातं कोण? मायरनने सेमिनोल जमातीच्या शाळेतल्या पाचवीच्या मुलांसाठी आहार आणि व्यायामाचा एक कार्यक्रम तयार केला, कारण त्या समाजात लठ्ठपणा आणि डायबेटीस फार. छातीवर ज्यांचं नाव घालून खेळतोस त्यांच्या पोरांना तपासायला जाणं, साधं आहे, पण सुचावं लागतं.

(पडद्यावर: कॉलेजचा कॅम्पस, कॉम्प्युटर लॅब)

आता याच काळात, याच कॉलेजात काय चाललं होतं तेही बघू. 2007 मध्ये बाहेर आलं की एका ऑनलाइन म्युझिक कोर्सच्या परीक्षेत खेळाडूंना उत्तरं पुरवली जात होती, आणि पुरवणाऱ्यांत अभ्यासात मदत करायला ठेवलेलाच स्टाफ होता. वेगवेगळ्या दहा खेळांतले मिळून 61 खेळाडू अडकले. त्या वर्षाच्या शेवटी केंटकीविरुद्धच्या ‘म्युझिक सिटी बोल’ या सीझनअखेरच्या मॅचला, हो मॅचचं नावच ते, काय योग आहे बघा, फ्लोरिडा स्टेटची वीसेक पोरं सस्पेंड होऊन घरी बसली होती. टीम 35-28 हरली. नंतर एनसीएएने 2006 आणि 2007 चे मिळून फुटबॉलचे 12 विजयच रेकॉर्डमधून पुसले, बाउडनच्या खात्यातून वजा.

म्हणजे मायरनने घाम गाळून खेळलेल्या मॅचेस जिंकल्या होत्या, पण अधिकृतपणे नव्हत्या. आणि सारखं असं होतं की एकीकडे कॉलेज त्याचा फोटो प्रत्येक ब्रोशरवर लावणार, बघा आमचा विद्यार्थी खेळाडू, आणि दुसरीकडे सिस्टीम बाकीच्या पोरांना शिकू न देताच पास करणार. एकाचा हार बाकीच्यांच्या गळ्यात घालता येत नाही हो. त्या 61 पोरांना नुसतं नालायक म्हणून सोडून देणंही मला पटत नाही, आठवड्याला 40 तास राबवून घेतल्यावर परीक्षेचा शॉर्टकट कोणीतरी समोर आणून ठेवत असेल तर अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं किती वेळ नाही म्हणेल?

(पडद्यावर: विमान, रात्रीचं आकाश)

नोव्हेंबर 2008. ऱ्होड्स स्कॉलरशिपच्या शेवटच्या फेरीत मायरनचं नाव आलं. ऱ्होड्स म्हणजे ऑक्सफर्डला शिकायला पाठवणारी, जगातली बहुतेक सगळ्यात मानाची स्कॉलरशिप, अख्ख्या अमेरिकेतून वर्षाला फक्त 32 जण. आपले गिरीश कर्नाड हीच घेऊन ऑक्सफर्डला गेले होते. इंटरव्ह्यू शनिवारी 22 नोव्हेंबरला, अलाबामातल्या बर्मिंगहॅमला. आणि त्याच शनिवारी रात्री टीमची मॅच मेरीलँडला, हजारेक किलोमीटर लांब.

इंटरव्ह्यू देऊन निघून जाता येत नाही, सगळ्या उमेदवारांना तिथेच थांबवतात आणि निकाल त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगतात. नाव जाहीर झालं, मिळाली. कोट-टायमध्येच चार्टर विमान गाठलं. त्या विमानासाठीही एनसीएएची स्पेशल परवानगी काढावी लागली होती, कारण खेळाडूला असा फुकट प्रवास म्हणजे नियमाने लाच. त्यात बर्मिंगहॅमचं घड्याळ मेरीलँडच्या एक तास मागे, म्हणजे हवेतच एक तास गेला. मेरीलँडमधल्या बाल्टिमोरला उतरल्यावर पुढे-मागे पोलिसांच्या गाड्या आणि सुसाट कॉलेज पार्क, जिथे मॅच होती त्या गावाला. पोचला तेव्हा चारपैकी दुसरा क्वार्टर चालू होता. ड्रेस चढवला, खेळला. टीम 37-3 जिंकली, आणि हा विजय कोणी पुसला नाही.

त्या सीझनला एपी या वृत्तसंस्थेच्या ऑल-अमेरिकन यादीत, म्हणजे देशातल्या सगळ्यात चांगल्या कॉलेज खेळाडूंच्या यादीत, तिसऱ्या टीममध्ये त्याचं नाव आलं. सरळ मार्ग असा होता की 2009 च्या ड्राफ्टमध्ये उतरायचं, म्हणजे एनएफएलच्या टीम्स आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, पहिल्या काही राउंडमध्ये नंबर लागेल असा अंदाज होता, म्हणजे मिलियन्समध्ये पैसे. ऱ्होड्स घेतली तर एक वर्ष खेळ बंद. त्याने ऑक्सफर्ड घेतलं. सेंट एडमंड हॉलमध्ये राहून मेडिकल अँथ्रोपॉलॉजीमध्ये एमएससी केलं, एकट्याने व्यायाम करून अंग टिकवलं आणि 2010 मध्ये परत आला.

(पडद्यावर: ड्राफ्टचा फळा, नावांच्या पट्ट्या)

आणि घोडं इथे पेंड खाल्लं. ड्राफ्टच्या आधी टीमवाले पोरांचे इंटरव्ह्यू घेतात. एका टीमने त्याला विचारलं की शेवटच्या सीझनला टीमला सोडून गेलास तेव्हा कसं वाटलं? सोडून गेलास! डिग्री झालेली, ऱ्होड्स मिळालेली, आणि सूर असा की जणू रात्रीतून पळून गेला.

एक वर्ष मैदानाबाहेर राहिलेल्या खेळाडूबद्दल शंका घेणं समजू शकतो, स्पीड उतरतो, डोळ्याची सवय जाते, टीमचे पैसे लागलेले असतात. पण त्यांना खरी भीती वेगळीच होती, की या पोराकडे दुसरा पर्याय आहे. ज्याला फुटबॉलशिवाय काहीच येत नाही तो गुडघा मोडला तरी खेळेल, आणि हा उद्या उठून म्हणेल की चाललो मी डॉक्टर व्हायला. पर्याय असणं हा दोष धरायचा, आणि वर हायस्कूलपासून पोरांना भाषण द्यायचं की अभ्यास पण करा रे!

सहाव्या राउंडमध्ये, 207 व्या नंबरला, टेनेसी टायटन्सने घेतलं. तिथे तो मुख्य टीममध्ये शिरलाच नाही, मग पिट्सबर्ग स्टीलर्स, तिथूनही 2012 मध्ये सुट्टी. रेग्युलर सीझनमध्ये एकही मॅच नाही. याच पिट्सबर्गच्या टीमकडून 1938 मध्ये बायरन व्हाइट खेळला होता, तोही ऱ्होड्सवाला. त्याने आधी सीझन खेळून घेतला, लीगमध्ये सगळ्यात जास्त रशिंग यार्ड, म्हणजे बॉल घेऊन पळत कापलेलं अंतर, काढले, मग ऑक्सफर्ड गाठलं, आणि पुढे 31 वर्षं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा जज होता. मायरनने क्रम उलटा लावला. ऑक्सफर्ड लांबवून तो आधी 2009 च्या ड्राफ्टमध्ये उतरला असता तर एनएफएल करिअर झालं असतं का? माझ्या मते बऱ्यापैकी झालं असतं. किंमत त्याने मोजली, उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

2013 मध्ये पुन्हा टॅलाहासी, यावेळी फ्लोरिडा स्टेटचं मेडिकल कॉलेज. 2017 ला एमडी आणि लगेच बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये न्यूरोसर्जरीची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत स्पेशालिस्ट होण्याचं ट्रेनिंग, सात वर्षांची, मध्ये कोविड. कॉलेजात मिकी अँड्र्यूज नावाचे डिफेन्सचे कोच रोज एखाद्या गोष्टीत दोन टक्के सुधारा म्हणायचे, दोनच टक्के, पायाची ठेवण, हाताची जागा, काहीही एक. ते सूत्र तो ऑपरेशन थिएटरमध्येही वापरतो असं स्वतः सांगतो, आज टाके बरे पडले, उद्या ड्रिल धरायची पद्धत बघू.

2024 मध्ये रेसिडेन्सी संपली आणि तो परत फ्लोरिडात गेला, सेंट पीटर्सबर्गच्या जॉन्स हॉपकिन्स ऑल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये, लहान मुलांच्या न्यूरोसर्जरीच्या फेलोशिपला. पाचवीत ठरवलेल्या दोन गोष्टींपैकी एक अर्धवट राहिली होती, दुसरी करायला अठ्ठावीस वर्षांच्या आसपास लागली.