विंडोजचं क्लीन इन्स्टॉल करताना ‘डी’मधलं राहील ना?

नमस्कार मंडळी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून कमेंट्समध्ये एकच धोशा आहे: “दादा, क्लीन इन्स्टॉल (जुनं विंडोज काढून नवं कोरं टाकणं) पहिल्यापासून दाखवा.” ठीक आहे, दाखवतो. पण सुरुवातीचा भाग मी पळवणार आहे. पेनड्राइव्ह बनवणं आता इतकं सोपं झालंय की त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. खरं नुकसान होतं ते पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे भाग दाखवणाऱ्या, स्क्रीनवर, आणि नेमकं तिथेच व्हिडिओवाले “इथलं सगळं डिलीट करा, नेक्स्ट दाबा” म्हणून पुढे सटकतात. आज आपण त्या स्क्रीनवर मुक्काम करणार आहोत.

आधी एक नेहमीचा प्रश्न. “दर सहा महिन्यांनी क्लीन इन्स्टॉल करावं का?” नाही! विंडोज ९८ च्या काळातली सवय आहे ही, सोडा आता. मशीन रडत चालत असेल आणि आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर विंडोज कितीही वेळा टाका, चार दिवसांनी परत तेच. तिथे एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. क्लीन इन्स्टॉल करायचं ते नवी डिस्क घेतल्यावर, व्हायरस शिरल्यावर, दुसऱ्याचं वापरलेलं मशीन घेतल्यावर, किंवा दहावरून अकरावर जाताना जुना पसारा नकोच असेल तर. आणि सेटिंग्जमधलं ‘रिसेट’ ही वेगळी गोष्ट आहे. तिथे चालू विंडोज स्वतःच स्वतःला नवं करून घेतं. इथे आपण बाहेरून, पेनड्राइव्हवरून मशीन सुरू म्हणजे बूट करतो.

विंडोज ११ टाकणार असाल तर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त विश्वासाचं सॉफ्टवेअर उठू देणारी सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. “माझ्या मशीनमध्ये टीपीएम नाही” असं लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे तो असतो, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असतो. इंटेलवाल्यांनी पीटीटी शोधा, एएमडीवाल्यांनी एफटीपीएम. प्रोसेसरही यादीत असावा लागतो. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे.

बॅकअप. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळे घेतात. विसरतात काय, तर ब्राउझरचे बुकमार्क्स, वेगळे टाकलेले फॉण्ट, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, जो सॉफ्टवेअरने भलत्याच फोल्डरमध्ये ठेवलेला असतो. आणि पासवर्ड! ब्राउझरला सगळं आठवत होतं म्हणून तुम्हाला काहीच आठवत नाही, अशी परिस्थिती असते. आधी बघून ठेवा. मशीनमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की काढून ठेवा. ती कशाला लागते ते शेवटी सांगतो.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, चालवा, चहा घेऊन या. झालं.

“दादा, अमुक लाइट व्हर्जन टाकू का? हलकं चालतं.” अहो, कोणीतरी अनोळखी माणसाने आतून कापाकापी केलेलं विंडोज, वर बँकेचे व्यवहार त्याच मशीनवर! अपडेट बंद, डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) काढून टाकलेला, वरून लायसन्सशिवाय विंडोज चालवणारा अ‍ॅक्टिव्हेटर फुकट. व्हायरस घालवायला क्लीन इन्स्टॉल करायचं आणि तो पेनड्राइव्हमधूनच परत आत घ्यायचा, यातलं ‘क्लीन’ नक्की कुठलं? यावर मी परत बोलणार नाही, दर व्हिडिओखाली विचारू नका.

आता बूट. मशीन सुरू होताना एफ १२, एफ ११, एफ ९ किंवा एफ ८ दाबा, कंपनीप्रमाणे बदलतं. बूट मेन्यू येतो. बायोसमध्ये जाऊन बूट ऑर्डर कायमची बदलू नका. बदललीत तर पहिल्या रीस्टार्टनंतर मशीन परत पेनड्राइव्हवरूनच उठतं, सेटअप परत पहिल्यापासून दिसतो, आणि मला कमेंट येते, “दादा, लूपमध्ये अडकलं.” अडकलं नाहीये. पेनड्राइव्ह काढा, पुढे जाईल.

आणखी एक. या मेन्यूत एकच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एक नाव यूईएफआयसह (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत), एक नुसतंच. यूईएफआयवालं निवडा. ज्यात सीएसएम किंवा लेगसी (जुनी पद्धत) चालू करायला सांगतात असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. दहा-बारा वर्षांपूर्वी तो सल्ला ठीक होता. आज तसं केलंत तर विंडोज एमबीआर या डिस्कच्या जुन्या पद्धतीने बसतं आणि विंडोज ११ ला हवी ती सिक्युअर बूटची सोयच राहत नाही.

भाषा, कीबोर्ड, नेक्स्ट. प्रॉडक्ट की विचारली तर “माझ्याकडे की नाही” निवडा. मशीनवर आधी अ‍ॅक्टिव्हेटेड विंडोज असेल, तर लायसन्स हार्डवेअरशी जोडलेलं असतं, इंटरनेट मिळालं की आपोआप लागतं. फक्त एडिशन तीच निवडा. होमचं लायसन्स असताना हौसेने प्रो टाकलंत तर अ‍ॅक्टिव्हेट होणार नाही.

नव्या सेटअपमध्ये एक चौकोन टिक करायला सांगतात. त्यात लिहिलेलं असतं की फाइल्स, अ‍ॅप्स, सेटिंग्ज सगळं डिलीट होईल हे मला मान्य आहे. हे वाचून निम्मे लोक घाबरून मशीन बंद करतात. उरलेल्यांना वाटतं, आता सगळं आपोआप साफ होणार. दोन्ही चूक. ही टिक केल्याने त्या क्षणी काहीही पुसलं जात नाही. पुसायचं काम तुम्हीच करणार आहात, पुढच्या स्क्रीनवर.

[पार्टिशनची स्क्रीन मोठी करून दाखवणे]

हीच ती. नीट बघा. इथे सी लिहिलंय का? डी लिहिलंय? कुठेच नाही. डिस्क ० पार्टिशन १, डिस्क ० पार्टिशन २, डिस्क १ पार्टिशन १, असं लिहिलंय. आणि सगळ्या कमेंट्स कशा असतात? “सी फॉरमॅट केला की डीमधलं राहील ना?” या प्रश्नाचं उत्तर मी कमेंटमध्ये देत नाही, लोक चिडतात, पण देणार कसं? सी आणि डी ही चालू विंडोजने घरात ठेवलेली लाडाची नावं आहेत. सेटअप म्हणजे हजेरी घेणारा मास्तर, त्याच्या वहीत फक्त नंबर. तुमचा डी त्याला माहीतच नाही.

मग ओळखायचं कसं? साइजवरून. इन्स्टॉल करायच्या आधी, जुन्या विंडोजमध्येच, डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कुठली डिस्क किती जीबीची, तिच्यावर किती पार्टिशनं, सी केवढा, डी केवढा. पण तिथला डिस्कचा नंबर पाठ करू नका, सेटअपमध्ये तो वेगळा असू शकतो. साइज बदलत नाही. १ टीबीची डिस्क ९३१ जीबीच्या आसपास दिसेल, ५१२ ची साधारण ४७६. “दुकानदाराने फसवलं” म्हणून भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. आणि हो, तुमचा इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्हसुद्धा या यादीत दिसू शकतो. त्यालाही हात लावू नका.

आता हेच दुसऱ्या बाजूने. “माझा डेटा डीमध्ये आहे, म्हणजे सुरक्षित आहे.” तुमचा डी वेगळी डिस्क आहे की त्याच डिस्कचा तुकडा? बऱ्याच मशीनवर एकाच डिस्कचे दोन भाग करून दिलेले असतात. तिथे “डिस्क ० वरचं सगळं डिलीट करा” हा सल्ला ऐकलात, की डीसुद्धा गेला. माझ्या एका मित्राने या स्क्रीनचा फोटो पाठवून विचारलं, “यातली छोटी छोटी काय आहेत? उडवू?” एक १०० एमबीचं, एक १६ एमबीचं, एक मोठं, मग रिकव्हरी, आणि शेवटी आणखी एक मोठं. ते शेवटचं मोठं त्याचा डी होता आणि तो त्याला ‘दुसरी डिस्क’ समजत होता. छोटी पार्टिशनं उडवली तर काही बिघडत नाही. १०० एमबीचं ईएफआय, म्हणजे बूट होण्यासाठीचं. १६ एमबीचं विंडोज स्वतःसाठी राखून ठेवतं. नवीन सेटअप ही सगळी परत बनवतो. तुम्हाला राखायचंय ते एकच, डेटाचं. बाकीची त्याच डिस्कवरची डिलीट करा, मोकळी जागा ‘अनअलोकेटेड’ म्हणून दिसेल, ती निवडा आणि नेक्स्ट. स्वतः नवीन पार्टिशन बनवत बसू नका.

कोणी म्हणेल, डिलीट कशाला, नुसता जुना सी निवडून नेक्स्ट केलं तर? तर जुनं विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. चालतं, पण मग याला क्लीन म्हणू नका.

आणि तिसरी बाजू, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मशीनमध्ये खरोखर दोन डिस्क असतील, तर विंडोज ज्या डिस्कवर टाकायचंय ती सोडून बाकीच्यांच्या केबल काढा. संगणक बंद, वीज बंद, केबल बाहेर. यावर हमखास येणारी कमेंट: “एवढी भीती कशाला घालता, मी बघून निवडेन ना.” अहो, तुम्ही बरोबर डिस्क निवडलीत तरी घोळ होतो! दुसऱ्या डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन असेल तर सेटअप कधीकधी बूटच्या फाइल्स तिथेच टाकतो. विंडोज एका डिस्कवर आणि ते सुरू करणारा भाग दुसऱ्या डिस्कवर. तेव्हा काहीच कळत नाही, सगळं छान चालतं. वर्षभराने ती जुनी डिस्क काढता आणि मशीन उठतच नाही. मग लोक नव्या एसएसडीला शिव्या देतात. डिस्क समोर नसेल तर ती चुकून पुसली जात नाही आणि बूटच्या फाइल्सही तिच्यावर जात नाहीत. एका केबलमध्ये दोन्ही प्रश्न सुटतात.

हे मी इतकं घोळवतोय, कारण इथे ‘अनडू’ नाही. डिलीटवर ओके म्हटलं की त्याच क्षणी पार्टिशन जातं. रिफ्रेश दाबून परत येत नाही. जुन्या हार्डडिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच काही परत मिळायचं, ती सवय डोक्यात ठेवू नका. एसएसडीवर फॉरमॅट झालं की विंडोज डिस्कला ट्रिमचा आदेश देतं, म्हणजे “या जागा आता रिकाम्या समज”, आणि डिस्क त्या खरंच साफ करून टाकते. मग कुठलंही सॉफ्टवेअर फारसं काही आणू शकत नाही.

काही लॅपटॉपवर या स्क्रीनवर डिस्कच दिसत नाही. यादी रिकामी. डिस्क मेलीच असेल असं नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच मशीनवर व्हीएमडी नावाची, डिस्क हाताळणारी सोय चालू असते, तिचा ड्रायव्हर सेटअपकडे नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, उघडून त्याचं फोल्डर पेनड्राइव्हवर टाका, आणि इथे ‘लोड ड्रायव्हर’ दाबून दाखवा. ज्यांनी एक्सपीच्या काळात ‘प्रेस एफ ६’ बघून फ्लॉपी शोधलीय, त्यांना हे ओळखीचं वाटेल. फ्लॉपी गेली, दुखणं तेच. त्याच वेळी वायफायचा ड्रायव्हरही पेनड्राइव्हवर टाकून ठेवा. पुढे सेटअप इंटरनेट मागतो, आणि वायफाय चालत नसेल तर तिथे ठप्प होता.

बाकी मग फाइल्स कॉपी होतात, दोन-तीनदा रीस्टार्ट होतं, नाव-गाव विचारतं. डेस्कटॉप आला की आधी विंडोज अपडेट पूर्ण चालू द्या, बहुतेक ड्रायव्हर तिथूनच येतात. ड्रायव्हर अपडेट करणारी फुकट सॉफ्टवेअरं टाकू नका.

सगळं नीट चाललं की मशीन बंद करून दुसऱ्या डिस्कची केबल परत लावा. तिच्यावर कुलूप दिसलं तर ती बिटलॉकरवाली आहे. आधीचं विंडोज ती आपोआप उघडत होतं, नवं तिला ओळखत नाही. ४८ अंकी की इथे लागते. आणि नवीन मशीनवर, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलंत तर विंडोज ११ बऱ्याचदा न विचारता नव्या डिस्कवरही एन्क्रिप्शन चालू करतं, तेव्हा तिचीही की बघून लिहून ठेवा, त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर नव्हे.

केबल लावल्यावर कालचा डी आज ई किंवा एफ म्हणून दिसू शकतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्यावर राइट क्लिक करा, ‘चेंज ड्राइव्ह लेटर’, आणि हवं ते अक्षर द्या. दुसऱ्याच कशाने डी अडवलेला असेल तर आधी त्याचं अक्षर बदला. पण जुने शॉर्टकट, गेम्स, फोटोंचे फोल्डर डीकडे बोट दाखवत असतील, तर हे काम सॉफ्टवेअरं टाकायच्या आधी करा, नंतर नको.